जुनी रॅकेट घेऊन या

नोव्हेंबर लागला की पडेगावात बॅडमिंटन सुरू होतं. कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर, नाहीतर सरळ सिमेंटच्या रस्त्यावरच फक्कीच्या रेघा पडतात. विजेच्या खांबापासून कुणाच्या तरी गेटपर्यंत नेट ताणलं जातं, वर एक हॅलोजन लागतो आणि रात्री अकरापर्यंत फुलाचा टप्‌टप्‌ आवाज येत राहतो. मार्चमध्ये परीक्षा आणि ऊन एकदमच येतात, मग रेघा पुसल्या जातात. मधल्या महिन्यांत माझ्या दुकानात वह्या-कंपासपेट्यांपेक्षा गटिंगचं, म्हणजे रॅकेटची जाळी विणायचं, काम जास्त असतं.

दुकान मुख्य रस्त्यापासून जरा आत आहे. एका बाजूला छावणी, दुसऱ्या बाजूला मिटमिटा आणि पुढे दौलताबादचा रस्ता, त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. छावणीतले जवान मला भाभीजी म्हणतात, वाळूजच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे ताई म्हणतात, शाळेतली पोरं काकू म्हणतात आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुली आपा म्हणतात. कॉलेजातलं एखादं नवीन पोरगं आत डोकावून विचारतं, "गटिंग करणारे काका कुठंयत?" मी हातातली गट न सोडता सांगते, "काका कंपनीत गेलेत. दे इकडं."

हे काम मी औरंगपुऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकले. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. रॅकेट दोन गुडघ्यांत धरायची, गट लाकडाच्या दांडुक्याला गुंडाळून अंगातल्या जोरानं ओढायची आणि ओढलेली गट सुटू नये म्हणून भोकात टोच्या खुपसून ठेवायचा. किती पाउंडाची झाली असं कुणी विचारलं तर ते बोटानं टिचकी मारून आवाज ऐकवायचे. त्यांच्या कोपऱ्यात लाकडी रॅकेटींचे दोन जुने सांगाडे होते, चौकटीच्या शिकंज्यात अडकवलेले. चारही कोपऱ्यांना फुलपाखरी नटा. लाकूड पावसाळ्यात वाकायचं, म्हणून खेळ संपला की रॅकेट त्या शिकंज्यात आवळून ठेवावी लागे. नंदू नाटेकर अशाच लाकडी रॅकेटीच्या काळातले. सांगलीत जन्मलेले नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. म्हातारबाबा त्यांचं नाव काढताना टोच्या खाली ठेवायचे. तेव्हा बाजारात निवडायला फारसं नव्हतंच. रॅकेट मिळेल ती घ्यायची आणि हात तिला जुळवून घ्यायचा.

आता उलटं झालंय. निवडायला इतकं आहे की माणूस दुकानात येतो तो गोंधळूनच. मोबाइलवर त्याने आधीच दहा रॅकेटींचे फोटो पाहिलेले असतात. तो मला मोबाइल दाखवतो आणि विचारतो, "यातली कोणती चांगली?" मी विचारते, "जुनी कुठाय?" तो म्हणतो, "ती तर घरी आहे, खराब झाली." मग मी त्याला घरी पाठवते. नवरा म्हणतो, अशानं दुकान चालायचं नाही. चालतंय.

जुनी रॅकेट हातात घेतली की त्या माणसाचा खेळ न पाहता पुष्कळ कळतो. गट कुठे तुटली ते आधी बघायचं. ऐन मध्यभागी तुटली असेल तर माणूस फुलाला नीट गाठतो. फ्रेमच्या वरच्या कडेला लागून तुटली असेल तर फूल त्याला उशिरा सापडतं आणि फटका रॅकेटीच्या शेंड्यावर बसतो. अशी गट वारंवार जाते आणि माणूस गट भिकार आहे असं म्हणतो. गटीच्या आडव्या-उभ्या जिथे एकमेकींवर जातात तिथे चरे पडलेले असतील तर तो कट मारणारा, फूल घासून सोडणारा. आता फ्रेम. वरच्या टोकाचा रंग उडाला असेल तर जमिनीजवळची फुलं तो सिमेंटवरून खरवडून काढतो, म्हणजे पाय उशिरा पोचतात. बाजूला एकाच ठिकाणी खोल टवका असेल तर डबल्स खेळतो आणि जोडीदाराशी टक्कर होते. जवानांच्या रॅकेटींवर असे टवके फार. त्यातले एक सुभेदारसाहेब हसून म्हणाले होते की आमच्यात "माझं" म्हणून ओरडायचं असतं, पण दोघंही ओरडतात.

सगळ्यांत खरं बोलते ती ग्रिप. मुठीच्या अगदी तळाशी झिजली असेल तर हा मागून मारणारा. लांब दांडी धरतो, स्मॅशची हौस आहे. वर, दांडीच्या शंकूजवळ झिजली असेल तर हा नेटजवळचा, पटापट अडवणारा. एका बाजूला अंगठ्याएवढा खड्डा पडला असेल तर बॅकहँडला अंगठा टेकवतो, म्हणजे कुणीतरी शिकवलेलं आहे. आणि ग्रिप चारही बाजूंनी सारखीच काळी झाली असेल, कुठे खड्डा नाही की चुरगळ नाही, तर माणूस रॅकेट सारखी गच्च आवळून धरतो. त्याचा कोपर एक ना एक दिवस दुखणार. त्याला रॅकेट कुठलीही द्या.

मला पहिल्यापासून असं वाटत आलंय की लोक रॅकेट निवडतात ती त्यांना जसं खेळायचंय त्यासाठी, आणि खेळतात मात्र दुसरंच. वाळूजच्या एका कंपनीतले ऑपरेटर गेल्या हिवाळ्यात आले. वय चाळिशीच्या पुढचं, दुसरी पाळी संपवून रात्री खेळणारे. त्यांना डोकं जड, दांडी अगदी कडक अशी रॅकेट हवी होती, कारण डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसेन तसली वापरतो. खरं आहे, वापरतो. पण अ‍ॅक्सेलसेनची उंची १९४ सेंटिमीटर आहे, त्याने टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये लागोपाठ सुवर्णपदकं घेतली आहेत आणि तो उघड्या प्लॉटवर वाऱ्यात खेळत नाही. यांची जुनी रॅकेट पाहिली तर ग्रिप वर शंकूजवळ झिजलेली, फ्रेमच्या डाव्या बाजूला टवका. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही डबल्सला पुढं उभे राहता." ते चकित झाले. पुढं उभे राहण्यात त्यांना थोडा कमीपणा वाटत होता असं दिसलं. मागचा जोरात मारतो, टाळ्या त्याला मिळतात. खरं तर पुढच्याचा हात जितका चटकन फिरेल तितकी जोडी जिंकते. त्यांना हलक्या डोक्याची, मध्यम लवचीक दांडीची रॅकेट दिली. आठवड्याने आले ते फूल घ्यायला. रॅकेटबद्दल काही बोलले नाहीत. आमच्याकडे न बोलणं म्हणजे पसंतच.

कंपन्यांनाही हे कळतं. योनेक्सने २०१८ मध्ये अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ नावाच्या दोन रॅकेटी बाजारात आणल्या, एकाच नावाच्या. एक मागून मारणाऱ्यासाठी, दुसरी पुढे खेळ रचणाऱ्यासाठी. डबल्सच्या जोडीत दोघांची कामं वेगळी, म्हणून हत्यारंही वेगळी. आमच्या इथले बहुतेक जण डबल्सच खेळतात, कारण प्लॉट एक आणि खेळणारे दहा. तरी दोघंही जोडीदार मागच्याचीच रॅकेट मागतात.

आता थोडं वजनाचं. रॅकेटच्या शंकूवर बारीक अक्षरांत ४यू जी५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बरेच जण त्याला मॉडेलचं नाव समजतात. यू म्हणजे वजन. ३यू असेल तर ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू असेल तर ८० ते ८४, ५यू असेल तर ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी. जी म्हणजे मुठीची जाडी, तिथेही योनेक्समध्ये आकडा वाढला की मूठ बारीक. काही कंपन्यांचे आकडे उलटे चालतात, म्हणून हातात धरूनच बघावं. नियमांत रॅकेटच्या वजनाला मर्यादाच नाही. लांबी ६८० मिलिमीटरच्या आत आणि रुंदी २३० च्या आत असली की झालं. मर्यादा आहे ती फुलाला: सोळा पिसं आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. म्हणजे ३यू आणि ४यू मध्ये फरक साधारण एका फुलाएवढा. दुकानात हातात धरून तो फरक काहीच वाटत नाही. तिसऱ्या गेमला वाटतो, खांद्यात.

वजनापेक्षा ते कुठे आहे याला जास्त महत्त्व. मी गिऱ्हाइकाच्या हातात दुकानातली हातोडी देते. आधी दांड्याकडून धरून फिरवायला सांगते, मग उलटी, डोक्याकडून धरून. वजन तेच, पण मनगटाला दोन वेगळ्या वस्तू लागतात. रॅकेटचंही असंच. पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलून धरायची आणि मुठीच्या तळापासून मोजायचं. ढोबळ हिशेब असा की २८५ ते २९५ मिलिमीटरच्या दरम्यान तोल आला तर ती सम, पुढे गेला तर डोकं जड, अलीकडे राहिला तर डोकं हलकं. यातही एक गंमत आहे. रॅकेट कोरी असताना मोजली आणि गट घालून मोजली तर तोल साधारण सेंटिमीटरभर डोक्याकडे सरकतो, कारण चार-साडेचार ग्रॅमची गट सगळी डोक्यातच असते. उलट मुठीवर एक ओव्हरग्रिप चढवली की तोल जवळपास तितकाच परत खाली येतो. पोरं खूश होतात, म्हणतात काकू, रॅकेट हलकी झाली. पट्टीवर झाली. फिरवताना लागणारं बळ मात्र जवळजवळ तेवढंच राहतं, कारण वाढलेलं वजन हाताच्या मुठीतच आहे, ते फिरवायला कष्ट कसले? पट्टीवरचा आकडा आणि मनगटाला कळणारी गोष्ट या दोन निराळ्या आहेत. त्यामुळे मी मोजते जरूर, पण मोजून झालं की गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर रस्त्यावर उभं करून दहा-वीस वेळा रिकामे फटके मारायला लावते. येणारे-जाणारे बघतात. बघू द्या.

डोकं जड असेल तर स्मॅश जोरात बसतो हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये सोका इथल्या योनेक्सच्या जिममध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेला स्मॅश ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात गेला. त्याच्या हातात होती नॅनोफ्लेअर १००० झेड, हलक्या डोक्याची रॅकेट. हे मी दुकानात सांगते तेव्हा कुणीच विश्वास ठेवत नाही, मग मोबाइलवर शोधतात आणि गप्प होतात. फुलाला वेग मिळतो तो रॅकेटचं डोकं ज्या वेगानं येतं त्यातून. जड डोकं हळू आलं तर काय उपयोग? ज्याचा हात मुळातच झटक्यात फिरतो त्याला हलकी रॅकेट आणखी झटक्यात फिरवता येते. ज्याला सावकाश, लांब झोका घेऊन मारायची सवय आहे आणि खांदा धड आहे, त्याला जड डोकं मदत करतं. म्हणून वजन ठरवण्याआधी मी हात बघते.

दांडीचं तर याहून वाईट. कडक दांडी म्हणजे भारी रॅकेट, असा समज पक्का आहे, कारण महागड्या रॅकेटींची दांडी कडक असते. दांडी फटक्याआधी किंचित मागे वाकते आणि फुलाला भेटताना सरळ होते. त्या सरळ होण्यात जोर असतो. हात हळू असेल तर कडक दांडी वाकतच नाही. मग सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आमच्या कॉलनीत खेळतात. मुलाने पुण्याहून त्यांना वाढदिवसाला एक फार महाग, कडक दांडीची रॅकेट पाठवली. महिन्याभरात खांदा धरला. मुलाला वाईट वाटेल म्हणून ते तीच वापरत होते. मी त्यांना म्हटलं, "दादा, ही भिंतीवर लावा, लेक आला की काढा." त्यांना ५यू, लवचीक दांडीची, माझ्या दुकानातली सगळ्यांत स्वस्तांपैकी एक ग्रॅफाइट रॅकेट दिली, मूठ जरा जाड करून. गट वीस पाउंड. आता रोज सकाळी सहाला येतात आणि तरुण पोरांना पाठीमागे पळवतात.

गटीच्या पाउंडांबद्दल बोलायलाच हवं, कारण माझी खरी भांडणं तिथेच होतात. "काकू, गच्च करा. तीस मारा." हे तीस कुठून आलं ते मला माहीत आहे. मोठे खेळाडू अठ्ठावीस, तीस, त्याच्याही वर खेळतात. पोरांमध्ये पाउंड म्हणजे मर्दुमकी झालीय. गट सैल असली की फुलाला झुला मिळतो, ते आपोआप लांब जातं. पण कुठे जाईल याचा भरवसा थोडा कमी. घट्ट असली की फूल जिथे पाठवाल तिथे जातं, पण लांब पाठवण्याचा जोर तुमचा तुम्हाला लावावा लागतो, आणि रॅकेटच्या मधला चांगला भाग आक्रसतो. मध्यावर न बसलेला फटका हाताला झिणझिण्या आणतो. शेंड्यावर गट तोडणाऱ्या पोराला तीस पाउंड देणं म्हणजे त्याच्या कोपराशी वैर. नवशिक्याला वीस-बावीस, बऱ्यापैकी खेळणाऱ्याला तेवीस ते पंचवीस, असं माझं धोरण. पुढे हवं असेल तर आधी मध्यावर गट तोडून दाखवा म्हणते. शिवाय शंकूवरच लिहिलेलं असतं ही फ्रेम किती पाउंड सोसेल. त्याच्या वर मी जात नाही, कितीही पैसे दिले तरी. आणि दोनशे-तीनशे रुपयांची ती जोडाची अ‍ॅल्युमिनियमची रॅकेट, जिच्या डोक्याला आणि दांडीला जोडणारा तुकडा वेगळा असतो, तिला अठराच्या वर ताण दिला तर ती माझ्या मशीनवरच अंडाकृतीची गोल होईल.

मशीन माझं साधं आहे, वजनाचं. दांड्यावर वजन सरकवून पाउंड लावायचे, गट पकडीत घालून दांडा सोडायचा. तो आडवा झाला की तेवढा ताण बसला. शहरात इलेक्ट्रॉनिक मशीनं आहेत, ती भरभर काम करतात. माझ्यावर एक रॅकेट व्हायला तासाच्या आसपास लागतो. मधल्या उभ्या गटीपासून सुरुवात करायची, दोन्ही बाजूंना सारखं सरकत जायचं, नाहीतर फ्रेम एका अंगाला ओढली जाते. उभ्या झाल्या की आडव्या, एक वर एक खाली, विणत. आडव्या मी पाउंड-दोन पाउंड जास्त ठेवते. हे करता करता फ्रेमवर बोट फिरतं आणि केसाएवढी चीरही कळते. चीर असली की गट घालत नाही, गिऱ्हाइकाला बोलावून दाखवते. लोकांना वाटतं गटिंगवालीनंच मोडली. म्हणून आधीच दाखवलेली बरी.

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात खेळायला जाणारी एक मुलगी आहे, सातवी-आठवीतली. वडिलांना वाटायचं की आता हिला सिंधू वापरते तशी रॅकेट हवी. बापाचा अभिमान आहे, समजू शकते मी. पोरगी मात्र गप्प उभी होती. तिची जुनी रॅकेट पाहिली. वरच्या टोकाचा रंग शाबूत. गट बरोबर मध्ये तुटलेली आणि चौकटी-चौकटीला चरे. ग्रिपवर अंगठ्याचा खळगा. ही पोरगी कटवर खेळते, पाय वेळेवर पोचतात आणि तिला हीच रॅकेट हातात बसलीय. मी वडिलांना म्हटलं, "भाऊ, हीच रॅकेट आणखी एक घ्या." त्यांना पटेना. मी म्हटलं, मोठे खेळाडू पिशवीत सारख्याच चार-पाच रॅकेटी ठेवतात, एक तुटली तर दुसरी तशीच हातात यावी म्हणून. सिंधूच्या खेळात तिच्या लांब हातांचा मोठा वाटा आहे. ती १७९ सेंटिमीटर उंच आहे. तुमची पोरगी अजून वाढतेय, तिचा खांदा वाढतोय, कडक आणि जड आत्ताच कशाला? गट तेवढी बदलू, ०.७० ची आहे, ती ०.६८ ची करू. जराशी बारीक गट फुलाला चांगली चावते, तुटते मात्र लवकर. असं ठरलं. पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते जाताना: "काकू, रंग पण सेम द्या."

यात ऊनही येतंच. आमच्या शहरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्कूटीच्या डिकीत किंवा कारमध्ये दिवसभर ठेवलेल्या रॅकेटीची गट ढिली पडते. संध्याकाळी माणूस येऊन म्हणतो, ताई, तुम्ही कमी ताण दिला होता. कोरड्या हवेत पिसांची फुलं तडातडा मोडतात, म्हणून खेळण्याआधी त्यांना वाफ देणारे लोक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. गरम हवा पातळ, त्यात आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून फूल जरा जास्तच धावतं. प्लॅस्टिकच्या फुलाला टोपीवर पट्टी असते: हिरवी हळू, निळी मध्यम, लाल जलद. उन्हाळ्यात इथे हिरवी घ्यावी. कुणी घेत नाही; सगळ्यांना निळीच लागते, दुकानातही निळीच येते. मग कोर्टाबाहेर फूल गेलं की रॅकेटला दोष. उघड्यावर, प्लॅस्टिकच्या फुलानं, वाऱ्यात खेळणाऱ्याला पंधरा-वीस हजारांची रॅकेट विकणं मला जमत नाही. हजार-दोन हजारांत सबंध ग्रॅफाइटची बऱ्यापैकी रॅकेट मिळते. उरलेल्या पैशात चांगले बूट घ्या म्हणते मी. सिमेंटवर गुडघा जातो तो बुटांमुळे जातो.

आणि महागडी रॅकेट ओळखीच्या ओळखीनं अर्ध्या किमतीत मिळतेय म्हणून कुणी फोटो पाठवला तर मी एकच सांगते: घेऊ नका. नकली माल हुबेहूब रंगवलेला असतो. पण त्याला चोवीस-पंचवीस पाउंड ताण दिला की तो माझ्या मशीनवर रडायला लागतो, आणि तेव्हा पैसे परत द्यायला तो ओळखीचा माणूस नसतो.

तर नवी रॅकेट घ्यायला याल तेव्हा जुनी घेऊन या. येण्याआधी तिची ग्रिप बदलू नका, पुसू नका, टवक्यांवर रंग लावू नका. मला आहे तशी हवी. एक काम मात्र घरीच करा. गट तुटली असेल तर उरलेली सगळी लगेच कापून टाका, मधूनच आडवी कात्री मारून. एकीकडे तुटलेली आणि दुसरीकडे ताणलेली गट फ्रेमला वाकडी ओढते, आणि लोक तशी रॅकेट महिनाभर कपाटावर ठेवून मग माझ्याकडे आणतात; वाकलेली फ्रेम मला सरळ करता येत नाही. संध्याकाळी पाच ते आठ गर्दी असते, ती वेळ सोडून कधीही या.